जो किरण बरा करतो, तोच भाजतोही : एक्स-रेची गाडी लढाईच्या मैदानात नेणाऱ्या मादाम क्युरी

हात मोडला की माणूस तालुक्याच्या दवाखान्यात जातो. डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात. एक्स-रेच्या खोलीतला माणूस आधी बरोबर आलेल्यांना बाहेर काढतो. पेशंट बाई असेल तर दिवस गेलेत का, ते विचारतो. मग हात टेबलावर नीट ठेवायला लावतो आणि स्वतः आडोशाला जाऊन बटण दाबतो. पेशंटला वाटतं, हा लपतोय कशाला?

गावातल्या कुणाला कॅन्सर निघाला आणि मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये रेडिएशन सुरू झालं, की दुसरा प्रश्न येतो. रेडिएशनला गावाकडं कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट म्हणतं. रोज काही मिनिटांचं काम, पण त्यासाठी आठवडेच्या आठवडे मुंबईत राहायचं. खोलीचं भाडं, जेवण, बुडालेली मजुरी. घरचे विचारतात, जे द्यायचं ते एकाच दिवशी देऊन का टाकत नाहीत?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका बाईच्या आयुष्यात सापडतात. शाळेच्या पुस्तकात तिचं नाव सगळ्यांनी वाचलेलं असतं. मादाम क्युरी. दोन नोबेल मिळवणारी बाई, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. पण ज्या किरणांनी तिला नाव दिलं, त्याच किरणांनी तिचा जीव घेतला. ते कसं, हे समजलं की दवाखान्यातला तो आडोसाही समजतो.

आपल्याच भाषेत शिकायला बंदी

मादाम क्युरींचं माहेरचं नाव मारिया स्क्वोदोव्स्का. जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा, पोलंडमधल्या वॉर्सा शहरातला. घरात तिला मान्या म्हणत. पाच भावंडांत ती सगळ्यात धाकटी. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे, आई मुलींची शाळा चालवायची.

त्या वेळी पोलंडच्या या भागावर रशियाचं राज्य होतं. शाळेत पोलिश भाषेला बंदी. आपल्याच मुलखात आपल्याच भाषेत शिकायचं म्हणजे गुन्हा. पोलंडच्या बाजूचे विचार असल्यामुळं वडिलांची नोकरीत गळचेपी झाली. त्यात थोरली बहीण झोफिया तापानं गेली आणि १८७८ साली आई क्षयानं गेली. मान्या तेव्हा अवघी दहा वर्षांची होती.

पोरगी अभ्यासात मात्र सगळ्यांच्या पुढं. १८८३ साली सुवर्णपदक घेऊन तिनं शाळा संपवली. पण वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता आणि परदेशी जायला घरात पैसा नव्हता.

मग दोघी बहिणींनी एक करार केला. थोरल्या ब्रोन्यानं पॅरिसला जाऊन डॉक्टरकीला प्रवेश घ्यायचा आणि मान्यानं नोकरी करून तिला पैसे पाठवायचे. ब्रोन्याचं शिक्षण झालं की तिनं मान्याला बोलवून घ्यायचं.

त्यासाठी मान्या एका खेड्यात, मोठ्या शेतीचा कारभार पाहणाऱ्या कुटुंबात मुलांची शिक्षिका म्हणून राहिली. आजूबाजूला बीटाची शेती आणि बीटापासून साखर करणारा कारखाना. दिवसभर मालकाच्या मुलांना शिकवून झालं की ती गावातल्या शेतमजुरांच्या पोरांना गोळा करायची आणि पोलिश लिहा-वाचायला शिकवायची. कायद्यानं ते चोरीचंच काम होतं. सापडली असती तर शिक्षा झाली असती.

त्या घरातल्या थोरल्या मुलाचं आणि तिचं जुळलं. पण शिक्षिकेला सून करून घ्यायला त्याचे आईवडील तयार झाले नाहीत. मान्या मान खाली घालून तिथंच नोकरी करत राहिली, कारण ब्रोन्याला दर महिन्याला पैसे जायचे होते.

पॅरिसची थंडी आणि एक भेट

१८९१ साली चोवीस वर्षांची मान्या पॅरिसला पोचली आणि सोर्बोन विद्यापीठात तिनं मेरी या नावानं प्रवेश घेतला. माळ्यावरची एक खोली, हिवाळ्यात भांड्यातलं पाणी गोठायचं. अंगावर असतील नसतील तेवढे कपडे घालून त्या झोपायच्या. १८९३ साली भौतिकशास्त्राच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या. पुढच्या वर्षी गणितात दुसऱ्या.

१८९४ मध्ये त्यांची पियेर क्युरी यांच्याशी ओळख झाली. पियेर शांत स्वभावाचे, प्रयोगशाळेत रमणारे शास्त्रज्ञ. जुलै १८९५ मध्ये दोघांनी साधेपणानं लग्न केलं. लग्नात मेरींनी गडद निळा पोशाख घातला. पुढं तो प्रयोगशाळेतही वापरता यावा, हा हिशेब. लग्नानंतर दोघं सायकलवर फिरायला गेले.

त्याच वर्षी जर्मनीत काय घडलं

त्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १८९५ ला, जर्मनीतल्या वुर्झबर्ग गावात विल्हेल्म राँटगेन नावाच्या प्राध्यापकाला एक वेगळाच किरण सापडला. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून त्यांनी वीज सोडली होती. नळी काळ्या कागदात गुंडाळलेली होती, तरी बाजूला ठेवलेला रसायन लावलेला पडदा उजळला. कागदातून आरपार जाणारा हा किरण कुठला, ते माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी त्याला एक्स हे नाव दिलं. दीड महिन्यात त्यांनी आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला. त्यात हाडं आणि बोटातली अंगठी दिसत होती.

हे होतं कसं? नळीच्या एका टोकाकडून विजेचे बारीक कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, प्रचंड वेगानं सुटतात. ते समोर जाऊन आदळले की एकदम थांबतात. त्यांच्या वेगातली बहुतेक ताकद उष्णता होऊन जाते आणि थोडी एक्स-रेच्या रूपानं बाहेर पडते. हा किरण मांसातून सहज जातो. हाडात कॅल्शियम जास्त, तिथं तो बराच अडतो. म्हणजे एक्स-रेचा फोटो ही खरं तर सावलीच. जिथं हाड, तिथं किरण कमी पोचतात आणि फिल्म पांढरी राहते.

१८९६ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये हेन्री बेकरेल यांना आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. युरेनियमच्या क्षारातून वीज न लावता, ऊन न दाखवता आपोआप किरण निघत होते. एक्स-रेच्या गडबडीत तिकडं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मेरी क्युरींनी दिलं.

लाकडी शेड आणि खडकाचा भुगा

सप्टेंबर १८९७ मध्ये थोरली मुलगी इरेन जन्मली. त्याच वर्षाच्या शेवटी मेरींनी काम सुरू केलं.

किरण डोळ्याला दिसत नाहीत, मग ते मोजायचे कसे? मेरींकडं पियेर आणि त्यांच्या भावानं तयार केलेलं एक नाजूक यंत्र होतं. असे किरण हवेतून गेले की हवेतून किंचित वीज वाहू लागते. किती वाहते ते या यंत्रानं मोजता यायचं. जितकी वीज जास्त, तितके किरण जास्त.

मोजता मोजता त्यांच्या लक्षात आलं, की युरेनियम ओलं असो, कोरडं असो, तापवलेलं असो, किरण तेवढेच निघतात. फरक पडतो तो फक्त युरेनियम किती आहे याचा. म्हणजे किरण अणूच्या आतूनच येत होते. तोवर शास्त्रज्ञांचा समज असा, की अणू हा अखंड, न बदलणारा गोळा आहे. त्या समजाला इथं पहिला तडा गेला.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. पिचब्लेंड नावाच्या ज्या खडकातून युरेनियम काढतात, तो खडक शुद्ध युरेनियमपेक्षाही जास्त किरण सोडत होता. म्हणजे त्यात आणखी काहीतरी दडलेलं होतं. पियेर आपलं काम बाजूला ठेवून बायकोच्या कामात उतरले. जुलै १८९८ मध्ये दोघांनी एक नवं मूलद्रव्य जाहीर केलं. मेरींनी आपल्या पारतंत्र्यातल्या देशाच्या नावावरून त्याला पोलोनियम म्हटलं. डिसेंबरमध्ये दुसरं जाहीर झालं, ते रेडियम.

पण ते हातात धरून दाखवल्याशिवाय जग मानणार नव्हतं. मग ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या बोहेमियातल्या खाणीतून, युरेनियम काढून झालेला टाकाऊ भुगा मागवण्यात आला. गोण्याच्या गोण्या आल्या. काम करायला मिळाली ती एक गळकी शेड. पूर्वी तिथं डॉक्टरकीची पोरं मुडदे चिरायला शिकायची. मेरी एका वेळी वीस किलो माल कढईत उकळायच्या आणि जवळजवळ स्वतःच्या उंचीच्या लोखंडी कांबीनं दिवसभर ढवळायच्या. गुऱ्हाळावर रस आटवणाऱ्या माणसाला त्या कामाचा अंदाज येईल. फक्त इथं कित्येक टन माल आटवून १९०२ साली हाती आलं, ते एका ग्रॅमचा दहावा भाग एवढं रेडियमचं क्षार.

रात्री जेवण झालं की कधीकधी दोघं परत शेडमध्ये यायचे. अंधारात फळ्यांवरच्या नळ्या निळसर चमकत असायच्या. त्यांना ते फार आवडायचं. तो उजेड आपल्या अंगात काय करतोय, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

पियेर यांचा भाजलेला हात

बेकरेल यांनी रेडियमची नळी बंडीच्या खिशात ठेवली होती. काही दिवसांनी तिथली कातडी भाजल्यासारखी झाली. पियेर यांनी मग मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम दहा तास बांधून ठेवलं. कातडी लाल झाली, मग जखम झाली. बावन्न दिवसांनीही ती पुरती भरली नव्हती.

दुसरा कुणी घाबरला असता. पियेर यांनी आणि पॅरिसच्या डॉक्टरांनी उलटा विचार केला. हा किरण चांगली कातडी मारतो, तर वाईट गाठही मारेल. रेडियम पॅरिसच्या दवाखान्यात गेलं आणि कातडीच्या रोगांवर, कॅन्सरच्या गाठींवर त्याचा वापर सुरू झाला. रेडिएशनच्या इलाजाची एक मोठी वाट इथून निघाली.

हा किरण करतो काय? तो शरीरातून जाताना अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतो. त्यात पेशीच्या आतला धागा, ज्यावर पेशीची सगळी माहिती असते, तो तुटतो. धागा तुटलेली पेशी पुढं नीट वाढू शकत नाही. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढत असतात आणि तुटलेलं दुरुस्त करण्यात बहुधा कच्च्या असतात. म्हणून त्या जास्त मरतात. पण किरणाला आपलं-परकं कळत नाही. वाटेत येईल त्या चांगल्या पेशीलाही तो मारतोच.

रेडियमची मागणी वाढली आणि भाव गगनाला भिडला. ते काढायची पद्धत क्युरी नवराबायकोला माहीत होती. पेटंट घेतलं असतं तर घरात पैशाचा पाऊस पडला असता. दोघांनी बसून विचार केला आणि पेटंट न घेण्याचं ठरवलं. शास्त्र सगळ्यांचं, आणि त्यातून आजारी माणसाला उपयोग होणार असेल तर त्यावर मालकी सांगायची नाही, ही त्यांची समजूत. पद्धत मागेल त्याला लिहून पाठवली.

मान, घाव आणि बदनामी

१९०३ साली भौतिकशास्त्राचं नोबेल ठरलं, तेव्हा सुरुवातीला नावं फक्त बेकरेल आणि पियेर यांची होती. पियेर यांना एका स्वीडिश गणितज्ञाकडून ते कळलं आणि त्यांनी मेरींचं नाव त्यात असायलाच हवं असं कळवलं. तेव्हा कुठं ते घातलं गेलं. नोबेल मिळवणाऱ्या मेरी या पहिल्या बाई.

१९०४ मध्ये धाकटी मुलगी एव्ह जन्मली. पियेर मात्र थकत चालले होते, हाडं दुखायची. १९ एप्रिल १९०६ ला पॅरिसच्या पावसाळी रस्त्यावर ते पाय घसरून माल भरलेल्या घोडागाडीखाली आले आणि जागच्या जागी गेले. मेरी ३८ वर्षांच्या होत्या, पदरात दोन मुली.

विद्यापीठानं पियेर यांची जागा त्यांना दिली. सोर्बोनमध्ये शिकवणारी बाई याआधी झाली नव्हती. पहिल्या तासाला बघ्यांची गर्दी झाली. मेरींनी आल्या आल्या पियेर यांनी जिथं धडा थांबवला होता, तिथून पुढं शिकवायला सुरुवात केली.

१९११ साल फार वाईट गेलं. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीची निवडणूक त्या अगदी थोड्या मतांनी हरल्या. मग पियेर यांचे पूर्वीचे विद्यार्थी, लग्न झालेले शास्त्रज्ञ पॉल लँजेव्हाँ यांच्याशी असलेल्या संबंधावरून पेपरवाल्यांनी त्यांना धारेवर धरलं. खासगी पत्रं छापली, परदेशी बाई म्हणून शिव्या दिल्या, घराबाहेर जमाव जमला. त्याच वेळी दुसरं नोबेल जाहीर झालं, रसायनशास्त्राचं. नोबेल समितीतल्या एकानं त्यांना बक्षीस घ्यायला येऊ नका असं सुचवलं. मेरींचं म्हणणं होतं, की बक्षीस कामाचं आहे, त्याचा घरच्या भानगडीशी संबंध नाही. त्या स्वीडनला गेल्या आणि बक्षीस घेऊन आल्या.

लढाईच्या मैदानात एक्स-रेची गाडी

१९१४ साली पॅरिसमध्ये त्यांच्यासाठी रेडियम इन्स्टिट्यूटची इमारत उभी राहिली आणि लगेच पहिलं महायुद्ध सुरू झालं. जर्मन फौज पॅरिसकडं निघाली. मेरींनी देशातलं अमोल रेडियम शिशाच्या जड पेटीत भरलं आणि रेल्वेनं स्वतः बोर्दो शहरात नेऊन ठेवलं. मग त्या पॅरिसला परत आल्या.

सैनिक जखमी होऊन येत होते. अंगात गोळी किंवा बॉम्बचा तुकडा. तो कुठं आहे हे न कळता डॉक्टर चिरायचे. एक्स-रेची यंत्रं मोठ्या शहरांत, आणि जखमी माणूस तिथं पोचेपर्यंत मरायचा. मेरींनी ठरवलं, पेशंट यंत्राकडं येत नसेल तर यंत्रानं पेशंटकडं जायचं.

त्यांनी लोकांकडून गाड्या मागितल्या. गाडीत एक्स-रेची नळी, फोटोचं सामान, घडीचं टेबल आणि एक डायनामो. गाडीचं इंजिन डायनामो फिरवायचं, त्यातून यंत्राला वीज मिळायची. ट्रॅक्टरच्या इंजिनावर थ्रेशर चालवतात, तसाच प्रकार. सैनिक या गाड्यांना छोटी क्युरी म्हणू लागले. अशा सुमारे वीस गाड्या तयार झाल्या आणि शिवाय सुमारे दोनशे ठिकाणी एक्स-रेच्या कायम खोल्या बसवल्या. मेरी स्वतः गाडी चालवायला शिकल्या, वेळ पडली तर टायरही बदलायच्या.

गोळी किती खोल आहे हे एका फोटोत कळत नाही, कारण सावलीला खोली नसते. म्हणून नळी थोडी सरकवून दुसरा फोटो काढायचा. गोळीची सावली किती सरकली त्यावरून हिशेब करून खोली काढायची. मग डॉक्टर नेमक्या जागी चाकू लावायचा. आज सीटी स्कॅनचं यंत्र अंगाभोवती फिरून अनेक बाजूंनी किरण सोडतं आणि कॉम्प्युटर त्यातून आतलं चित्र जुळवतो. त्याच्या मुळाशीही हेच आहे : एकाच बाजूनं बघून भागत नाही.

थोरली इरेन सतरा वर्षांची होती. तीही आईबरोबर गेली आणि पुढं एकटीनं आघाडीवरचं केंद्र सांभाळू लागली. दोघींनी मिळून सुमारे दीडशे बायकांना एक्स-रे काढायला शिकवलं. या गाड्यांत आणि केंद्रांत मिळून दहा लाखांहून जास्त सैनिकांची तपासणी झाली.

पण आडोसा फारसा नव्हता. कापडी हातमोजे, पातळ पत्रा, घाईगर्दी. एका मागून एक माणूस आणि प्रत्येक वेळी थोडा किरण मेरींच्या आणि इरेनच्या अंगातही.

हप्त्याहप्त्यानं का?

युद्धानंतर रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये काम दोन भागांत चाललं. भौतिकशास्त्राचा भाग मेरींकडं, आजाराचा भाग डॉक्टर क्लोद रेगो यांच्याकडं. रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले होते. एकाच वेळी मोठा डोस दिला की वरची कातडी जळायची, पण आतलं काम पुरतं व्हायचं नाही. तोच डोस वाटून, दिवसांचं अंतर ठेवून दिला की आतलं काम व्हायचं आणि कातडी वाचायची.

कारण साधं आहे. दोन हप्त्यांच्या मधे चांगल्या पेशींना तुटकं सांधायला वेळ मिळतो. कॅन्सरच्या पेशींना तेवढं सांधता येत नाही. शिवाय सगळ्या पेशी एकाच वेळी वाढत नसतात. आज वाचलेली उद्या किंवा परवा सापडते. रेगो आणि त्यांचे सहकारी कुतार यांनी घशाच्या आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर ही पद्धत वापरली आणि ती जगभर गेली.

मुंबईत खोली घेऊन आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या पेशंटचं उत्तर हे आहे. डॉक्टर वेळ काढत नाहीत. एका दिवसात सगळं दिलं तर गाठीबरोबर चांगला भागही जळेल. आणि पाच-सहा दिवस बरं वाटलं म्हणून मधेच घरी निघून आलं, तर वाचलेल्या पेशी परत वाढतात.

ज्यांनी शोधलं, त्यांच्याकडंच नव्हतं

१९२० साली अमेरिकेतल्या एका महिला संपादकाच्या लक्षात आलं, की रेडियम शोधणाऱ्या बाईंच्या प्रयोगशाळेत कामापुरतंही रेडियम नाही. एका ग्रॅमची किंमत एक लाख डॉलर. अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी गोळा केली आणि राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते मेरींना एक ग्रॅम रेडियम दिलं. आदल्या रात्री मेरींनी वकील बोलावून कागद बदलून घेतला. रेडियम माझ्या नावावर नको, प्रयोगशाळेच्या नावावर करा, नाहीतर माझ्यामागं ते मुलींची खासगी इस्टेट होईल, हा त्यांचा आग्रह. १९२९ साली असंच दुसरं ग्रॅम मिळालं, ते त्यांनी वॉर्साच्या रेडियम इन्स्टिट्यूटला दिलं.

तोवर जगाला रेडियमचं वेड लागलं होतं. ताकदीचं म्हणून रेडियमचं पाणी विकलं जाई. अमेरिकेत घड्याळाच्या काट्यांना रेडियमचा चमकणारा रंग लावणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी सारखं करायच्या. त्यांच्या जबड्याची हाडं सडली, कित्येक जणी मेल्या.

मेरींच्या बोटांची टोकं कधीच निबर झाली होती. डोळ्यांत मोतीबिंदू झाला, ऑपरेशनं झाली. प्रयोगशाळेतल्या लोकांना त्या शिशाचा आडोसा घ्यायला सांगायच्या, पण स्वतःच्या बाबतीत तेवढं पाळत नसत. ज्या वस्तूसाठी आयुष्य घातलं तिनंच आपल्याला पोखरलंय, हे मान्य करणं त्यांना जड गेलं.

१९३४ च्या सुरुवातीला इरेन आणि जावई फ्रेडरिक जोलिओ यांनी साध्या पदार्थापासून कृत्रिम किरणोत्सर्गी पदार्थ तयार केला. मेरींनी तो बघितला. आज स्कॅनसाठी आणि थायरॉइडच्या इलाजासाठी जी किरणोत्सर्गी औषधं देतात, त्यांची सुरुवात तिथली. लेक आणि जावई यांना १९३५ साली नोबेल मिळालं, पण ते बघायला मेरी नव्हत्या. ४ जुलै १९३४ ला, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्या गेल्या. हाडांच्या मगजात रक्त तयार होणंच थांबलं होतं. पुढं १९५६ साली इरेनही रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या.

१९९५ साली मेरी आणि पियेर यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये मानानं हलवले. तेव्हा तपासणी झाली. मेरींच्या शवपेटीत रेडियमचं प्रमाण फार नव्हतं. त्यावरून तज्ज्ञांचा अंदाज असा, की त्यांच्या आजाराला रेडियमपेक्षा युद्धातले एक्स-रे जास्त कारण असावेत. त्यांच्या जुन्या वह्या मात्र अजून किरण सोडतात आणि शिशाच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत. रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात.

आडोशाचा अर्थ

आता इलाजात क्युरींच्या वेळचं ते रेडियम वापरत नाहीत. त्याच्या जागी कोबाल्ट, इरिडियम आले, विजेवर किरण तयार करणारी यंत्रं आली. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं भाभाट्रॉन नावाचं कोबाल्टचं यंत्र देशातच तयार केलं. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातही कॅन्सरचं रुग्णालय उभं राहिलं. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये किरण सोडणारा बारीक तुकडा गाठीजवळ ठेवायची क्युरींच्या काळातली रीत आजही आहे, फक्त मोजमाप काटेकोर झालं.

एक्स-रे काढणारा माणूस आडोशाला जातो तो या मोजमापामुळंच. पेशंटला वर्षातून एखादा एक्स-रे लागतो, त्याचा डोस थोडा आणि फायदा मोठा. पण त्या माणसाला दिवसाला कितीतरी एक्स-रे काढायचे असतात. तो दर वेळी उभा राहिला तर त्याची गत मेरींसारखी होईल. म्हणून शिशाचा आडोसा, आणि अंगाला किती किरण लागले ते मोजणारा छातीवरचा बिल्ला. पोटातलं बाळ वाढत्या पेशींचंच बनलेलं असतं, म्हणून दिवस गेलेत का हा प्रश्न. त्याचं खरं उत्तर द्यावं, लाजू नये.

बटण बंद झालं की एक्स-रे संपला, अंगात काही उरत नाही. बाहेरून यंत्रानं शेक घेऊन आलेल्या माणसाजवळ बसल्यानं, त्याच्या ताटात जेवल्यानं कुणाला काही होत नाही. त्याला वेगळं बसवू नये. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये तर हे किरण नसतातच.

मेरी क्युरींनी किरण मोजायला शिकवलं, पण माणसाच्या अंगाला किती चालतो याचं माप त्यांच्या हयातीत नीट ठरलं नव्हतं. ते माप ठरलं, ते त्यांच्यासारख्यांच्या भाजलेल्या बोटांवरून.